बोचेल्ली ‘खरा’ ऑपेरा गायक आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सतरा वर्षांची आहे, लहानपणापासून हिंदुस्तानी शास्त्रीय शिकते. गेलं वर्षभर तिला आंद्रेआ बोचेल्ली या इटालियन गायकाच्या गाण्यांनी झपाटलंय आणि आता ‘तसंच’ गायचंय. ओळखीच्या एका पियानोवादकांनी मात्र सांगितलं, की तो खरा ऑपेरा गायक नाहीच, सगळी माइकची करामत. यात तथ्य किती, त्याची कारकीर्द घडली कशी, आणि मुलीला या वाटेने जायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

मी मुंबईत पाश्चात्त्य कंठसंगीत शिकवते. त्याआधी बरीच वर्षं कोरसमध्ये गायले. हा वाद माझ्या वर्गात दर वर्षी नव्याने रंगतो. तुमच्या पियानोवादकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं तांत्रिक आहे, म्हणून आधी तेच घेते.

ऑपेरा माइकशिवाय गायला जातो. मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात साधारण दोन हजार माणसं बसतात, न्यूयॉर्कच्या मेटमध्ये (मेट्रोपॉलिटन ऑपेरात) जवळपास तीन हजार आठशे. गायक आणि श्रोते यांच्या मध्ये खड्ड्यात साठ-सत्तर वादक. त्या सगळ्यांच्या डोक्यावरून एका माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, तर नुसत्या जोराने भागत नाही. ऑर्केस्ट्राच्या ध्वनीचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि तिथून वर तो उतरत जातो. मुरलेला ऑपेरा गायक, विशेषतः पुरुष, स्वरयंत्राच्या वरची पोकळी अशी आकारतो की 3000 हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक जादा पुंजका तयार होतो. ऑर्केस्ट्रा जिथे पातळ पडतो नेमकी तिथेच गायकाला वाट मिळते. योहान सुंदबेरी या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात याची नीट मांडणी केली. इटालियन गायक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ‘स्क्विल्लो’ (आवाजातली हीच धार) हवा, स्क्विल्लो हवा म्हणून शिष्यांच्या मागे लागत आले आहेत. आपल्या जुन्या संगीत नाटकवाल्यांची ‘फेक’ याच जातीची गरज भागवत होती.

बोचेल्लीच्या आवाजात ही फेक बेताची आहे. आवाज मुळात हलका, लिरिक टेनर (टेनर म्हणजे पुरुषांचा उंच पट्टीचा आवाज, लिरिक म्हणजे त्यातला हलका प्रकार). रंग अतिशय देखणा, मधल्या सप्तकात मधाळ, पण अंग कमी. लांब ओळीच्या शेवटी दमसास कधीकधी अपुरा पडतो आणि वरच्या स्वरांवर गळा आवळल्यासारखा होतो. 1999 मध्ये डेट्रॉइटला मिशिगन ऑपेरा थिएटरमध्ये त्याने मासनेच्या ‘व्हर्टर’ या ऑपेरातली मुख्य भूमिका केली, समोर नायिका डेनीस ग्रेव्ह्ज. अमेरिकी समीक्षकांनी तेव्हा हेच लिहिलं: रंग सुखद, पण आवाजाला शरीर नाही, आधार नाही. मला ही टीका कठोर वाटते, चुकीची वाटत नाही. भर ऑर्केस्ट्रासमोर तो आवाज माइकशिवाय उभा करणं म्हणजे त्याच्या सगळ्यात दुबळ्या बाजूची परीक्षा घेणं.

इथवर पियानोवादकांची बाजू झाली. ‘माइकची करामत’ हे शब्द मात्र मला पटत नाहीत. ते का पटत नाहीत हे कळायला हा माणूस कुठून आला ते बघायला हवं.

जन्म 22 सप्टेंबर 1958, तोस्काना प्रांतातल्या पिझाजवळच्या लायातिको गावी. घरची शेती, द्राक्षमळे. जन्मतःच डोळ्यांत काचबिंदू; बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना मार लागला आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. संगीत लहानपणापासून होतंच, पियानो, बासरी आणि आणखी वाद्यं. पण पुढे पिझा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि काही काळ वकिलीही केली. संध्याकाळी पियानो बारमध्ये वाजवायचा, गायचा. ऑपेरावाले या तपशिलावर नाक मुरडतात. माझ्या मते त्याच्या पुढच्या कलेची किल्लीच इथे आहे. बारमधला गायक श्रोत्यांपासून चार हातांवर असतो. त्याला शब्द कुजबुजता यावा लागतो, समोरचा माणूस हातातला ग्लास खाली ठेवून वर बघेल असा एखादा उच्चार करता यावा लागतो. कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे पाश्चात्त्य संगीत विद्यालयात, हे कोणी शिकवत नाही. तिथे पहिल्या दिवसापासून नजर शेवटच्या रांगेवर असते. बाकीचं शिक्षण त्याने नंतर मिळवलं. फ्रांको कोरेल्लीसारख्या दिग्गज टेनरकडेही तो शिकला. कोरेल्लीचा आवाज म्हणजे धगधगती भट्टी, आणि शिष्याचा आवाज अगदी उलट जातीचा. गुरूची नक्कल करायला गेला असता तर गळा गमावून बसला असता.

तिशी ओलांडली तरी नाव नव्हतं. 1992 मध्ये इटालियन रॉक गायक झुक्केरोला ‘मिझेरेरे’ नावाच्या गाण्यासाठी विख्यात टेनर पावारोत्ती हवा होता. पावारोत्तीला पटवायला नमुन्याची टेप करायची, म्हणून टेनरची शोधाशोध झाली आणि टेपवर बोचेल्ली गायला. टेप ऐकून पावारोत्ती म्हणाला, हा मुलगा असताना माझी गरज काय, अशी गोष्ट सांगितली जाते. शेवटी रेकॉर्ड पावारोत्तीनेच केली. दौऱ्यावर मात्र झुक्केरोबरोबर बोचेल्ली गेला. मग कातेरिना कासेल्लीच्या शुगर कंपनीने त्याला करारबद्ध केलं. 1994 मध्ये इटलीतल्या सान्रेमो गीतस्पर्धेच्या महोत्सवात नवोदितांच्या गटात तो पहिला आला. 1995 मध्ये त्याच मंचावर ‘कॉन ते पार्तिरो’ गायला आणि चौथा आला. इटलीत त्या गाण्याने फार काही उलथापालथ केली नाही. बेल्जियम आणि फ्रान्समध्ये ते थेट पहिल्या क्रमांकावर गेलं.

या गाण्यावर थोडं थांबते, कारण क्रॉसओव्हरमधलं, म्हणजे ऑपेरा आणि पॉप यांच्या सीमेवरच्या गाण्यातलं, कसब समजायला दुसरं इतकं सोपं उदाहरण नाही. फ्रांचेस्को सार्तोरीची चाल, लुचो क्वारांतोत्तोचे शब्द. कडवं जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत आहे, खाली, टेनर जिथे सगळ्यात क्षीण असतो तिथे. माइक नसता तर ऑर्केस्ट्राने ते गिळून टाकलं असतं, म्हणून कुठलाही ऑपेरा रचनाकार टेनरला इतकं खाली, इतक्या साथीसकट इतका वेळ ठेवत नाही. ध्रुवपदाला मात्र आवाज एकदम उघडतो, छातीभर, आणि शेवटच्या आवर्तनात पट्टी आणखी वर चढते. म्हणजे एकाच गाण्यात पियानो बारचा गळा आणि ऑपेराचा गळा, आणि मधला सांधा ऐकणाऱ्याला कळता कामा नये. तो सांधा जोडणं अवघड आहे. माझ्याकडे ऑपेराचं शिक्षण घेऊन आलेली मुलं हे गाणं गातात तेव्हा कडव्यातच गडबड होते: पहिल्या शब्दापासून आवाज फुगवलेला, प्रत्येक स्वर गोल, ऐकणाऱ्याला वाटावं कोणी भाषण करतंय. पॉपवाली मुलं कडवं छान म्हणतात आणि ध्रुवपदाला किंचाळतात. बोचेल्ली कडव्यात आवाजात थोडी हवा मिसळू देतो, व्यंजनं पुढे दातांपाशी ठेवतो, आणि ध्रुवपदाच्या आधीच्या ओळीपासून हळूहळू हवा काढून घेत स्वर घट्ट करत नेतो. हेडफोन लावून फक्त ती एक ओळ चार-पाचदा ऐका.

आता ‘माइकने दोष झाकले जातात’ या समजुतीबद्दल. माइक आवाज मोठा करतो, हे खरं. पण तोंडापासून वीतभर अंतरावरचा माइक श्वासाची सुरसुर, जिभेची चटचट, स्वराची बारीकशी थरथर, सगळं टिपतो. थिएटरात तिसाव्या रांगेत यातलं काहीच पोचत नाही. हवा आणि अंतर मिळून आवाज गाळून घेतात. कितीतरी मोठे ऑपेरा आवाज जवळून खरखरीत असतात आणि लांबून सोनं. बोचेल्लीचं उलटं आहे. हॉलने जे माफ केलं नसतं ते माइक माफ करतो, आणि हॉल जे माफ करतो ते माइक करत नाही. त्याच्या बाबतीत माइक वाद्याचाच भाग आहे. सतारीचा भोपळा काढून घेऊन ‘आता खरी सतार वाजवून दाखवा’ असं आपण म्हणत नाही.

पुढची पायरी योगायोगाची. ब्रिटिश सोप्रानो (बायकांमधला सगळ्यात उंच आवाज) सारा ब्राइटमनने ‘कॉन ते पार्तिरो’ ऐकलं आणि दोघांनी मिळून ते नव्याने रेकॉर्ड केलं. नाव झालं ‘टाइम टू से गुडबाय’. निमित्त होतं जर्मन मुष्टियोद्धा हेन्री मास्के याच्या नोव्हेंबर 1996 मधल्या निरोपाच्या लढतीचं. मास्के व्हर्जिल हिलकडून हरला, जर्मनीभर लोकांनी टीव्हीवर ते गाणं ऐकलं, आणि रेकॉर्ड तिथे चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. पाठोपाठ आलेल्या ‘रोमान्झा’ अल्बमच्या जगभर दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या.

इथे त्याच्या मागच्या माणसांची हुशारी दिसते. 1996 मध्ये ‘व्हियाज्जो इतालियानो’: ऑपेरातली गाणी आणि नेपल्सची गाणी. मग ‘रोमान्झा’, पॉप. 1998 मध्ये ‘आरिया’, पुन्हा ऑपेरा. 1999 मध्ये एकाच वर्षात पॉपचा ‘सोन्यो’ आणि धार्मिक रचनांचा ‘सेक्रेड आरियाज’. शास्त्रीय रेकॉर्ड फिलिप्सच्या नावाने, पॉप पॉलिडॉरच्या. दोन दुकानं, एकच मालक. पॉप ऐकून आलेला श्रोता पुढच्या वर्षी पुच्चीनी या ऑपेरा रचनाकाराची रेकॉर्ड विकत घेतो, आणि पुच्चीनीमुळे पॉपला वजन येतं. ‘सोन्यो’मधलं सेलीन डिऑनबरोबरचं ‘द प्रेयर’ हे याचं टोक. त्याच गाण्यावरून एक गंमत: 1999 च्या ग्रॅमी सोहळ्याच्या तालमीला बोचेल्ली हजर राहू शकला नाही, तर निर्माता डेव्हिड फॉस्टरने सतरा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या जागी उभं केलं. तो जॉश ग्रोबन. बदली म्हणून आलेल्या त्या पोराची स्वतःची कारकीर्द तिथून सुरू झाली. तुमच्या मुलीच्याच वयाचा होता, हे तिला सांगा. पण तो उभा राहिला तेव्हा त्याला गाणं आधीच येत होतं, हेही सांगा.

ऑपेरावाल्यांचा खरा राग कशावर आहे, तर पॉपमध्ये नाव कमावून मग ऑपेराकडे येण्याच्या उलट्या प्रवासावर. टेनरने लोकप्रिय गाणी म्हणणं अजिबात नवं नाही. इटालियन टेनर कारुसोने 1902 मध्ये मिलानच्या हॉटेलातल्या खोलीत आपल्या गाजलेल्या पहिल्या रेकॉर्ड केल्या. पुढे तो मेटचा राजा झाला आणि ‘ओ सोले मिओ’ही गायला, अगदी पहिल्या महायुद्धातलं अमेरिकी फौजेचं गाणंही. कोणी त्याला नावं ठेवली नाहीत, कारण रंगमंचावर त्याची किंमत आधीच वसूल झालेली होती. मारियो लान्झाने हा क्रम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोडला. फिलाडेल्फियाचा हा पोरगा 1948 मध्ये न्यू ऑर्लिन्सला ‘मादामा बटरफ्लाय’च्या दोन प्रयोगांत उभा राहिला, मग हॉलिवूडला गेला, 1951 मध्ये पडद्यावर खुद्द कारुसो झाला आणि 1959 मध्ये अडतिसाव्या वर्षी गेला. व्यावसायिक ऑपेरा म्हणाल तर जवळपास ते दोन प्रयोग. तरीही होसे कारेराससारखा अव्वल टेनर लहानपणी तोच चित्रपट पाहून गायक व्हायला निघाला.

आणि 7 जुलै 1990. फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रोममध्ये काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास एकत्र गायले. कंडक्टर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. त्या रात्री बाजाराला कळलं की ऑपेराचा आवाज मैदानात, माइकवर, लाखोंना विकता येतो. बोचेल्ली ज्या दारातून आत आला ते दार त्या तिघांनी उघडून ठेवलं होतं. मग त्याच दारातून इल डिव्हो आले, रसेल वॉटसन आला, कॅथरिन जेंकिन्स आली. त्यांच्यातल्या काहींबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण तो आजचा विषय नाही.

ऑपेराकडून लोकप्रिय गाण्यांकडे जाणंही सोपं नाही, हे जाता जाता सांगायला हवं. 1984 मध्ये लेनर्ड बर्नस्टाइनने स्वतःच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीत नाटकाचं ध्वनिमुद्रण कारेरास आणि सोप्रानो किरी ते कानावा या ऑपेरा गायकांना घेऊन केलं. न्यूयॉर्कच्या गल्लीतला अमेरिकी पोरगा गाताना कारेरासचे स्पॅनिश उच्चार आडवे येतात आणि बर्नस्टाइन वैतागतो, ते सगळं त्यावरच्या माहितीपटात दिसतं. ऑपेराचा शिक्का असला म्हणजे कुठलंही गाणं साधतं असं नाही.

बोचेल्लीने मात्र ऑपेरा सोडला नाही आणि इथे मला त्याच्याबद्दल आदर आहे. पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही मिळाल्यावरही तो पुन्हापुन्हा त्या परीक्षेला बसत राहिला. 1994 मध्ये पिझात व्हेर्दीच्या ‘मॅकबेथ’मध्ये मॅकडफ, 1998 मध्ये काल्यारीला ‘ला बोएम’चा रोदोल्फो, मग डेट्रॉइट, 2012 मध्ये जेनोआत गुनोचा रोमिओ. न दिसणाऱ्या माणसाने हे करणं म्हणजे काय, याची कल्पना करा. ऑपेरात गायकाची एक नजर सतत कंडक्टरच्या काठीवर असते. ऑर्केस्ट्राचा आवाज रंगमंचाच्या मागच्या बाजूला किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे कानावर विसंबून गाणारा हमखास मागे पडतो. म्हणून तर विंगेत टीव्हीचे पडदे लावून त्यावर कंडक्टर दाखवतात. ज्याला ते बघताच येत नाही त्याने सहगायकाच्या श्वासावर, निव्वळ अंदाजावर गायचं. मैफलीच्या मंचावर कंडक्टर दोन पावलांवर उभा असतो, चालायचं नसतं, शेजारी हात धरायला माणूस असतं. त्याचं खरं घर ते आहे, यात नवल नाही.

संपूर्ण ऑपेराच्या त्याच्या ध्वनिमुद्रणांकडे या नजरेने बघा. मेहतांबरोबर त्याने ‘ला बोएम’ केला, इस्रायल फिलहार्मोनिकसह, मिमीच्या भूमिकेत बार्बरा फ्रित्तोली. पुढे ‘तोस्का’, ‘तुरांदोत’ आणि ‘आइडा’ही मेहतांच्याच हाताखाली. ‘ला बोएम’मधलं पहिल्या अंकातलं रोदोल्फोचं गाणं घ्या, अंधारात मिमीचा गार पडलेला हात हाती येतो ते. पुच्चीनीने त्याची सुरुवात जवळजवळ एकाच स्वरावर ठेवली आहे. चाल अशी काही नाहीच, आहे तो फक्त शब्द आणि रंग. तिथे बोचेल्ली अप्रतिम आहे. खरोखर एखादा तरुण अंधारात हळू आवाजात बोलतोय असं वाटतं. पुढे वरचा षड्ज (पाश्चात्त्य ‘हाय सी’) येतो, तिथे तो जेमतेम तरतो. पण त्या जागी कचरून अख्खं गाणं अर्धा स्वर खाली घेणारे नामवंत टेनर कितीतरी आहेत. याउलट व्हेर्दीचा ‘इल त्रोवातोरे’. त्यातला मानरिको युद्धाला निघालेला, त्याला आवाजात पोलाद लागतं. तलवार उपसतानाचं ते गाणं ऐकताना कळतं की माइक आवाज मोठा करू शकतो, जड करू शकत नाही. ती रेकॉर्ड त्याने केली नसती तरी चाललं असतं.

‘तुरांदोत’मधलं ‘नेस्सुन दोर्मा’ तर तुम्ही ऐकलंच असेल. स्वरलिपीत शेवटच्या ‘व्हिन्चेरो’ (मी जिंकेन) या शब्दामधला वरचा निषाद (पाश्चात्त्य ‘बी’) अगदी क्षणभराचा लिहिलेला आहे, लांबवायचा आहे तो त्याच्यानंतरचा खालचा स्वर. पण टेनर लोकांनी तो निषादच ताणायची प्रथा पाडली आणि आता श्रोते त्याचीच वाट बघतात. मे 2016 मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी हा फुटबॉल संघ अनपेक्षितपणे लीग विजेता झाला, तेव्हा त्यांच्या मैदानावर संघाचे इटालियन प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरींच्या शेजारी उभं राहून बोचेल्लीने हेच गाणं म्हटलं. तीस हजारांच्या आसपास फुटबॉलवेडे, मोकळं आकाश. हा प्रसंग पेलेल असं ध्वनिवर्धन, अशी ओळख आणि असा संयम एकत्र कोणाकडे होता?

माझ्या लेखी त्याचं सगळ्यात शहाणं काम मात्र 12 एप्रिल 2020 चं, ईस्टरच्या रविवारी. टाळेबंदीत मिलानच्या रिकाम्या ड्युओमो कॅथेड्रलमध्ये तो ऑर्गनच्या साथीने गायला आणि यूट्यूबवर एका वेळी अठ्ठावीस लाखांच्या आसपास लोक ते बघत होते. भावनेचा भाग बाजूला ठेवून कार्यक्रम तपासा. वय 61. ऑर्केस्ट्रा नाही, म्हणजे कोणाच्या वर आवाज चढवायचा नाही. फ्रांकचं ‘पानिस आंजेलिकुस’, बाख-गुनोचं ‘आवे मारिया’, मास्कान्यी, रोस्सीनी: मधल्या सप्तकात लांब, संथ ओळी. वर दगडी कमानींचा दीर्घ घुमारा, जो प्रत्येक स्वराला शेपूट लावून देतो. मग चौकात येऊन ‘अमेझिंग ग्रेस’, सुरुवात निव्वळ एकट्या गळ्याने. आपल्या आवाजात आज काय शिल्लक आहे आणि ते कुठे शोभेल, याचा इतका अचूक हिशोब मी फार थोड्या गायकांचा पाहिला आहे. साठीनंतर बहुतेकांना तो जमत नाही. जुन्या पट्टीचा मोह सुटत नाही. गावच्या डोंगरउतारावर 2006 पासून त्याने उभा केलेला तेआत्रो देल सिलेन्झिओही याच हिशोबातला: उघडं नाट्यगृह, उन्हाळ्यात मोजकेच कार्यक्रम, वर्षभर शांतता.

मुलीचा प्रश्न. हिंदुस्तानीचं शिक्षण वाया जात नाही. सूर पक्का असणार, कान तयार असणार, स्वर धरून ठेवायची सवय असणार. पाश्चात्त्य वर्गात या तीन गोष्टी शिकवण्यात माझी वर्षं जातात. अडचण दुसरीकडे आहे. आपल्या मुली काळी चार-पाचच्या आसपास षड्ज धरून मुख्यतः छातीच्या आवाजात गातात. सोप्रानोचं बहुतेक काम त्याच्या बरंच वर, शिरस्वरात चालतं, आणि तो आवाज सुरुवातीला इतका पातळ, परका लागतो की ‘हा माझा आवाजच नाही’ म्हणून मुली रडकुंडीला येतात. तो भरायला दोन-तीन वर्षं लागतात. एक लक्षात असू द्या, बोचेल्ली टेनर आहे. मुलीने त्याच्यासारखं ‘भारदस्त’ वाजायला जिभेचं मूळ खाली दाबलं तर चार दिवस ऑपेरासारखं ऐकू येईल आणि मग घसा बसायला लागेल. हनुवटीखाली अंगठा ठेवून बघायला सांगा. गाताना तिथे कडक गोळा लागला तर थांबायचं. ऐकायला सारा ब्राइटमन तिला जास्त उपयोगी. ती नृत्य आणि संगीत नाटकांतून आली, 1986 च्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ची पहिली क्रिस्टीन, हवेशीर खालचा आवाज आणि वरचा सोप्रानो यांत ती कशी ये-जा करते, हे पाठ म्हणून ऐकावं. त्यांच्या जोडीला पॅट्रिशिया रोझारिओ ऐकावी. मुंबईत जन्मलेली, गोव्याच्या मुळांची ही सोप्रानो जगभर गायली. 2016 मध्ये गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस पुन्हा उघडलं तेव्हा तिचंच गाणं झालं. भारतातल्या तरुण गायकांसाठी ती कार्यशाळाही घेते.

पहिली दोन वर्षं व्हाक्काई या जुन्या इटालियन गानशिक्षकाची स्वरसाधना आणि जुनी इटालियन गाणी, ‘कारो मिओ बेन’ वगैरे. छोटी पट्टी, स्वच्छ स्वरवर्ण, लपायला जागा नाही. इटालियन भाषा सुरुवातीपासून. बोचेल्लीची निम्मी जादू उच्चारांत आहे आणि ती नुसत्या नकलेने येत नाही. परीक्षा द्यायच्या असतील तर एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा मुंबई-पुण्यात होतात. गोव्यात कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे, चेन्नईला के.एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी. हिंदुस्तानीचा रियाज चालू ठेवावा, पण पहिल्या वर्षी दोन्ही एकाच बैठकीत नकोत: सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. माइकवर गायला ती अठरा-एकोणिसाव्या वर्षी शिकू शकते आणि तेही शिकावंच लागतं. माइक किती लांब धरायचा, ‘प’ आणि ‘ब’चा फटका कसा चुकवायचा, मॉनिटरमध्ये (गायकासमोरच्या स्पीकरमध्ये) स्वतःला किती ऐकायचं, ही वेगळी विद्या आहे.

कमाईबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. ऑपेरा गायकाला प्रयोगामागे पैसे मिळतात. सर्दी झाली, प्रयोग हुकला, तर बहुतेक ठिकाणी हातात काही नाही. क्रॉसओव्हरमध्ये वर बोचेल्ली आणि खाली लग्नं, कॉर्पोरेट सोहळे, क्रूझ जहाजं, मधलं फारसं काही नाही. भारतात तर मधलं जवळजवळ नाहीच, म्हणून हाताशी दुसरी पदवी ठेवावी. त्याच्याकडे कायद्याची होती.

शिक्षक निवडताना एकच प्रश्न विचारा: पहिल्या वर्षी कोणती गाणी देणार? उत्तरात पुच्चीनीचं ‘ओ मिओ बाब्बीनो कारो’ आलं, म्हणजे नवख्या गळ्याला न पेलणारं ऑपेरातलं गाणं, तर चहा घ्या, आभार माना आणि दुसरा शिक्षक शोधा.